जलवनस्पती घरच्या फिरत्या पाण्यावर वाढवायच्या आहेत : खानदेशच्या हवेत कोणती मांडणी टिकेल?

प्रश्न : गच्चीकर, अमळनेर

नमस्कार मंडळी,

मी अमळनेरला राहतो. घरात दोन मोठ्या काचपेट्या आहेत आणि माशांइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, जीव मला त्यांतल्या वनस्पतींचा आहे. आपल्या भागात विक्रीस येणाऱ्या जलवनस्पती बहुधा मुंबईहून किंवा कोलकात्याहून येतात. पावसाळ्यात आणि थंडीत त्या बऱ्या स्थितीत पोचतात, परंतु मार्च उलटला की प्रवासातल्या उष्णतेने पिशवीत नुसता लगदा उरतो. म्हणून ॲनुबियास, क्रिप्टोकोरीन, ॲमेझॉन स्वोर्ड, ब्राह्मी, रोटाला आणि व्हॅलिस्नेरिया एवढ्या तरी वनस्पती घरीच वाढवाव्यात, आणि चांगल्या वाढल्या तर जळगाव व धुळ्याच्या दुकानांना थोड्याफार पुरवाव्यात, असा माझा विचार आहे.

माझ्याकडे २०० लिटरचा निळा ड्रम, चार इंची पीव्हीसी पाइपचे काही तुकडे, कूलरचा एक पंप आणि साधा टायमर एवढे साहित्य आहे. पाइपला भोके पाडून त्यांत जाळीच्या कुंड्या बसवाव्यात आणि ड्रममधील पाणी पंपाने पाइपमधून सतत फिरवत ठेवावे, अशी कल्पना आहे. पाणी बोअरचे आहे. तपासणी अहवालानुसार त्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ७०० च्या आसपास, सामू (पीएच) ७.९ आणि एकूण अल्कधर्मिता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे. खतांचे म्हणाल तर कृषी केंद्रात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅशियम सारख्या प्रमाणात असलेले खत) पासून सगळी विद्राव्य खते मिळतात.

माझे प्रश्न असे आहेत. या वनस्पती पूर्ण पाण्याखाली वाढवाव्यात, की फक्त मुळे पाण्यात आणि पाने हवेत ठेवावीत? पाइपची मांडणी आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत टिकेल काय? आणि एवढ्या जड पाण्याचे नेमके काय करावे? ज्यांनी प्रत्यक्ष असे काही चालवले आहे त्यांनी सविस्तर लिहिल्यास मी आभारी राहीन.

उत्तर : रोपवाटिका, यावल

नमस्कार दादा. आमचे काम टिश्यू कल्चर केळीची रोपे हार्डनिंग करून (बाहेरच्या हवेला सरावून) देण्याचे आहे आणि त्याच शेडच्या एका कोपऱ्यात मी जलवनस्पती वाढवतो, त्यामुळे आपला प्रश्न मला अगदी जवळचा वाटला.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय आहे : पाने हवेतच ठेवावीत. आपण दिलेल्या यादीपैकी व्हॅलिस्नेरिया सोडून बाकी सर्व वनस्पती उभयचर आहेत. त्यांच्या मूळ प्रदेशांत, म्हणजे ॲनुबियास आफ्रिकेत, ॲमेझॉन स्वोर्ड दक्षिण अमेरिकेत आणि क्रिप्टोकोरीन दक्षिण व आग्नेय आशियात, नदीनाल्यांच्या काठी त्या वर्षाचा काही काळ पाण्याखाली आणि काही काळ उघड्यावर काढतात. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती तर आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतही आढळतात. ब्राह्मी आणि रोटालाही भारतातल्या ओलसर जागी आपोआप उगवणाऱ्या वनस्पती आहेत. जगभरातल्या मोठ्या रोपवाटिका विक्रीच्या बहुतेक जलवनस्पती याच पद्धतीने, पाने हवेत ठेवून वाढवतात, आणि त्याचे कारण वनस्पतीच्या श्वासातच आहे. कार्बन डायऑक्साइड हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यात पसरतो. म्हणून पाण्याखालच्या पानाला तो पुरेसा मिळावा यासाठी सिलिंडर लावावा लागतो, तर हवेतल्या पानाला तो फुकट मिळतो. शिवाय पानांवर शेवाळ चढत नाही, गोगलगायींचा उपद्रव फारसा होत नाही आणि वाढही झपाट्याने होते.

मात्र या पद्धतीची एक अट आहे आणि खानदेशात सगळे अडते ते तिथेच. या वनस्पतींच्या पानांवरचे मेणचट आवरण पातळ असते, म्हणून त्यांना हवेत ७० ते ८० टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भरदुपारी पारा ४३-४४ अंशांवर असतो आणि आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते. अशा हवेत मुळे पाण्यात बुडालेली असूनही पाने कडेने वाळतात, कारण मुळांनी ओढलेले पाणी पानांतून उडणाऱ्या पाण्याला पुरे पडत नाही. आपल्या मांडणीत सर्वाधिक विचार खताचा नव्हे, तर या कोरड्या हवेचा आणि पाण्याच्या तापमानाचा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तापमानाचे गणित आधी पाहू. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहू शकतो, तर ३५ अंशांना तो सातच्या आसपास येतो. त्याच वेळी गरम पाण्यात मुळांची प्राणवायूची गरज वाढलेली असते आणि मूळकूज करणाऱ्या पिथियमसारख्या बुरशींना ती स्थिती फार मानवते. गच्चीवर उन्हात ठेवलेल्या निळ्या ड्रममधले पाणी मे महिन्यात दुपारी हात घालवणार नाही इतके तापते, आणि पीव्हीसी पाइपमधला पाण्याचा पातळ थर त्याहूनही लवकर तापतो. त्यामुळे गच्चीचा विचार सोडावा. उत्तरेकडची पडवी, जिन्याखालची जागा किंवा दाट सावलीच्या झाडाखालचा कोपरा निवडावा आणि त्यावर ७५ टक्क्यांचे शेडनेट लावावे. ड्रम शक्य असल्यास गळ्यापर्यंत जमिनीत पुरावा, कारण दोन-तीन फूट खोलीवरची माती दिवसाच्या तापमानाबरोबर वरखाली होत नाही. पुरणे शक्य नसेल तर ड्रमभोवती गोणपाट गुंडाळून ते ठिबकच्या एका ड्रिपरने सतत ओले ठेवावे.

कोरडी हवा हा या बाबतीत शाप असला तरी तीच आपल्या उपयोगीही पडते. हवा ४३ अंशांची आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा २३ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे बाष्पीभवनाने थंडावा मिळवायला भरपूर वाव असतो. आम्ही शेडच्या पश्चिमेच्या बाजूला वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी सोडतो आणि साध्या कूलरची हवा रोपांच्या वरून जाऊ देतो. थेट पानांवर झोत येऊ देत नाही. उन्हाळ्यात प्लॅस्टिकचा बंद तंबू मात्र कोणी सुचवला तरी करू नये. आर्द्रता टिकते, पण आतले तापमान पन्नाशीकडे जाते आणि एका दुपारीत सर्व रोपे शिजतात. बंद झाकणाची पेटी किंवा पॉलिथिन नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी ठेवावे. त्या दिवसांत रात्री पारा दहाच्या खाली जातो, ॲनुबियास आणि क्रिप्टोकोरीनची वाढ थबकते, तेव्हा हे आवरण उपयोगी पडते. नवी लागवड सुरू करायला जून अखेर ते सप्टेंबर हा काळ सर्वांत सोपा आहे, कारण तेव्हा आर्द्रता निसर्गच पुरवतो.

आता पाइप की ट्रे? मी ट्रे घ्या असे सांगेन. पाइपमधून पाण्याचा पातळ थर सतत वाहत असतो. वीज गेली की तो थर काही मिनिटांत निथळून जातो आणि उन्हाळ्यात तासाभरात मुळे सुकू लागतात. आपल्या तालुक्यांतले भारनियमन आणि वादळी वाऱ्याने तुटणाऱ्या तारा लक्षात घेता ही जोखीम घेऊ नये. त्याऐवजी भरणे आणि निथळणे अशी पद्धत ठेवावी. तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार इंच खोल ट्रे ड्रमच्या वर मांडावा, त्यात जाळीच्या कुंड्या बारीक खडीत बसवाव्यात आणि टायमरने दिवसा दर दोन तासांनी दहा-पंधरा मिनिटे पंप चालवावा, रात्री एक-दोनदा पुरे. पाणी कुंडीच्या काठाखाली बोटभर राहील एवढ्या उंचीवर ओव्हरफ्लोचा उभा पाइप बसवावा. पंप बंद झाला की पाणी त्याच पंपाच्या नळीने परत ड्रममध्ये उतरते आणि उतरताना मुळांपाशी ताजी हवा ओढून नेते. येणारी नळी अर्धा इंची असेल तर ओव्हरफ्लो किमान एक इंची हवा आणि त्यावर जाळीची टोपी हवीच, अन्यथा एखादे पान अडकले तरी ड्रममधले सगळे पाणी फरशीवर येईल. एवढ्या ट्रेमध्ये आठ सेंटिमीटर पाणी भरले तर ते खडीविना सुमारे ४५ लिटर होते, त्यामुळे आपला २०० लिटरचा ड्रम दोन-तीन ट्रेंनाही पुरेल. वीज चार तास गेली तरी ओली खडी मुळे जिवंत ठेवते.

खडी निवडताना तिच्यावर लिंबाचा रस किंवा फरशी धुण्याचे पातळ ॲसिड टाकून पाहावे. फेस आला तर त्यात चुनखडी आहे असे समजावे आणि ती घेऊ नये, कारण ती पाण्याचा सामू सतत वर ढकलत राहते. काळ्या बेसाल्टची धुतलेली खडी उत्तम. ट्रेच्या उघड्या भागावर टरबुजाच्या शेतात वापरतात तो चंदेरी-काळा मल्चिंग पेपर अंथरला तर खडीपर्यंत उजेड पोचत नाही आणि शेवाळाचा प्रश्न मुळातच मिटतो. ड्रमवर झाकण आणि फटींना बारीक जाळी हवी, कारण साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. आणखी एक गोष्ट : पंप पाण्यात आणि आपले हात ओल्या ट्रेत असतात, म्हणून या जोडणीवर ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय काम सुरू करू नये.

उत्तर : ठिबक आणि खते, धुळे

वरील उत्तर मांडणीच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. मी पाणी आणि खत यांविषयी लिहितो, कारण आपल्या अहवालातला ३०० हा आकडा मला सामूच्या ७.९ या आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

सामू हा केवळ त्या क्षणाचा आकडा आहे. अल्कधर्मिता हा त्यामागचा साठा आहे. आपण ॲसिडचे चार थेंब टाकून सामू ६ वर आणला तरी पाण्यातले बायकार्बोनेट तो दुसऱ्या दिवशी पुन्हा वर नेते. लिटरला ३०० मिलिग्रॅम म्हणजे सहा मिलिइक्विव्हॅलंट (किती ॲसिड लागेल ते मोजण्याचे एकक). त्यातला एक राखून पाच निकामी करायचे तर तेवढे ॲसिड लागेल. ठिबकच्या नळ्या स्वच्छ करण्यासाठी आपण फॉस्फोरिक ॲसिड वापरतो आणि अनेक जण तेच इथेही सुचवतात, परंतु पाच मिलिइक्विव्हॅलंटसाठी फॉस्फोरिक ॲसिड घातले तर द्रावणात सुमारे १५५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) स्फुरद येतो. पाण्यावरच्या शेतीत सर्वत्र आधारभूत मानल्या जाणाऱ्या होगलंडच्या द्रावणात तो फक्त ३१ पीपीएम असतो. एवढा जादा स्फुरद लोह आणि कॅल्शियम यांना बांधून तळाशी बसवतो. म्हणून जड पाणी केवळ ॲसिडने सुधारण्याचा मार्ग मी सुचवणार नाही.

सोपा आणि स्वस्त उपाय पावसाच्या पाण्याचा आहे. शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवर २५ मिलिमीटर पाऊस पडला की हिशेबाने अडीच हजार लिटर पाणी येते. काही वाया गेले तरी दोन हजार लिटर साठवता येते, आणि ते आपल्या एवढ्याशा व्यवस्थेला कित्येक महिने पुरते. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी धुळीसह वाहून जाऊ द्यावे, नंतरचे काळ्या, झाकण असलेल्या टाकीत साठवावे. तीन भाग पावसाचे आणि एक भाग बोअरचे असे मिसळले तर अल्कधर्मिता ७५ वर येते आणि थोडे कॅल्शियम-मॅग्नेशियमही आपसूक मिळते. साठा संपल्यावर आरओचे शुद्ध पाणी याच प्रमाणात वापरावे. मिठाने चालणाऱ्या वॉटर सॉफ्टनरचे पाणी मात्र कधीही घेऊ नये. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेले असते, अल्कधर्मिता जशीच्या तशी राहते.

आता १९:१९:१९. शेतात हे खत आपण डोळे मिटून वापरतो, परंतु यातले निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असते. मातीत जिवाणू त्याचे रूपांतर करून देतात. खडीत आणि ड्रममध्ये ती यंत्रणा नीट बसलेली नसते, त्यामुळे अमोनिया साठतो आणि सामू अनिश्चितपणे हलतो. शिवाय त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अजिबात नसते. मी १०० लिटर मिश्र पाण्यासाठी पुढील मात्रा सुचवतो : कॅल्शियम नायट्रेट ४० ग्रॅम, १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) हे २५ ग्रॅम, ००:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) हे ७ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट २५ ग्रॅम. यातून नत्र सुमारे ९५, स्फुरद १६, पालाश मूलद्रव्याच्या हिशेबाने ११०, कॅल्शियम ७५ आणि मॅग्नेशियम २४ पीपीएम मिळते, म्हणजे ढोबळमानाने होगलंडच्या निम्मे. सावलीत सावकाश वाढणाऱ्या या वनस्पतींना एवढे भरपूर होते. द्रावणाची ईसी (क्षारांचे प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता, mS/cm मध्ये) पाण्यातले मूळ क्षार धरून १.० ते १.२ च्या दरम्यान यावी. ॲनुबियाससाठी त्याहून थोडी कमी चालेल.

ही खते घालण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बादलीत आणि बाकीची तीन दुसऱ्या बादलीत विरघळवून, एक पूर्ण मिसळल्यावरच दुसरे ड्रममध्ये ओतावे. घट्ट द्रावणे एकत्र आली की कॅल्शियमचे सल्फेटशी जिप्सम आणि फॉस्फेटशी न विरघळणारा साका तयार होतो, जो पंपाच्या जाळीत अडकतो आणि वनस्पतीला काहीच मिळत नाही.

लोहाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण जड पाण्याच्या भागात जलवनस्पतींच्या ज्या तक्रारी येतात त्यांतल्या बहुतेक लोहाच्या असतात. ईडीटीए प्रकारचे चिलेटेड लोह (साका होऊ नये म्हणून दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेले लोह) सामू साडेसहाच्या पुढे गेला की टिकत नाही. डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत टिकते आणि ईडीडीएचए त्याहूनही वर. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लिंबू-मोसंबीला जे लालसर रंगाचे लोह देतात ते हेच. सामू ५.८ ते ६.३ मध्ये राखता आला तर १२ टक्के लोह असलेले ईडीटीए १०० लिटरला १.७ ग्रॅम पुरते आणि त्यातून दोन पीपीएम लोह मिळते. सामू वर सरकत असेल तर सहा टक्क्यांचे ईडीडीएचए ३.३ ग्रॅम घ्यावे. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्यास लोह वाढवण्यापूर्वी सामू मोजावा. नव्वद टक्के वेळा असे म्हणण्याचा मोह आवरतो, पण बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्राकडे, जुन्या पानांना टाचणीएवढी भोके पडत असतील तर पालाशकडे पाहावे. उरलेल्या सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी पाण्यावरच्या शेतीसाठी बनवलेले मिश्रण घ्यावे. शेतातल्या फवारणीचे मिश्रण नको, कारण द्रावणात तांबे ०.०२ पीपीएम एवढेच लागते आणि जास्त झालेले तांबे पुढे काचपेटीतल्या कोळंबीच्या जिवावर येते.

ड्रममधले पाणी उडून कमी झाले तरी क्षार मागे राहतात, म्हणून रोजची भर नेहमी साध्या पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याची घालावी, खताच्या द्रावणाची नव्हे. उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी आणि इतर वेळी तीन-चार आठवड्यांनी पूर्ण द्रावण बदलावे. जुने द्रावण गटारीत न सोडता कढीपत्त्याला, केळीला किंवा परसातल्या भाजीला घालावे. त्यातला नत्र-स्फुरद नाल्यात गेला तर पुढे नदीत जलपर्णीच पोसली जाते.

उत्तर : पाइपवाला, भुसावळ

माझे मत यावलच्या दादांपेक्षा थोडे वेगळे आहे. पाइपची पद्धत सरसकट बाद करू नये, असे मला वाटते. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांना १८ वॅटचा पंप त्यावर सहज चालवता येतो, आणि ब्राह्मी, रोटाला, हायग्रोफिला यांसारख्या भराभर वाढणाऱ्या खोडाच्या वनस्पती पाइपमध्ये इतक्या सुटसुटीत राहतात की छाटणी आणि जुड्या बांधणे निम्म्या वेळात होते. फक्त पाइप पूर्ण निथळणारा न ठेवता, शेवटच्या एंड कॅपमधले भोक तळापासून इंचभर वर पाडावे, म्हणजे वीज गेली तरी तेवढे पाणी पाइपात शिल्लक राहते. पाइपला दर मीटरमागे एक सेंटिमीटरच उतार द्यावा. जास्त उतार दिला तर हे पाणी एका टोकाला गोळा होऊन वरच्या कुंड्या कोरड्या पडतात. पाइपला बाहेरून पांढरा रंग द्यावा आणि तो सावलीतच ठेवावा.

ॲनुबियास आणि क्रिप्टोकोरीनसाठी मात्र ट्रेच योग्य, हे मलाही मान्य आहे. त्या महिनोन्‌महिने एकाच जागी राहतात, त्यांची मुळे पाइपात जाळे करतात आणि पाणी तुंबते. ॲनुबियास लावताना तिचे आडवे जाड खोड खडीत गाडू नये, फक्त मुळे आत जाऊ द्यावीत. खोड गाडले की ते कुजते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : गच्चीकर, अमळनेर

सर्वांचे मनापासून आभार. गच्ची सोडून घरामागच्या उत्तरेच्या पडवीत दोन ट्रे आणि एक पाइप अशी मांडणी करण्याचे ठरवले आहे, आणि या पावसाळ्यात पाणी साठवण्यासाठी हजार लिटरच्या टाकीची जागाही पाहून ठेवली आहे.

आणखी दोन शंका आहेत. आमच्या घराला लागून कपाशीचे शेत आहे, त्यामुळे मावा आणि पांढरी माशी येणारच. त्यांवर काय फवारावे? आणि हवेत वाढलेली रोपे गिऱ्हाइकाने काचपेटीत बुडवल्यावर पाने विरघळतात असे ऐकले आहे, ते कसे टाळावे? व्हॅलिस्नेरियाविषयीही कोणी सांगितले तर बरे होईल.

उत्तर : काचपेटी, नंदुरबार

पहिल्या शंकेचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर काहीही फवारू नये. कपाशीवर वापरली जाणारी इमिडाक्लोप्रिड आणि सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके अत्यल्प प्रमाणातही कोळंबीला मारतात, सायपरमेथ्रिन माशांनाही अतिशय विषारी आहे, आणि पानांवर राहिलेला अंश रोपाबरोबर गिऱ्हाइकाच्या काचपेटीत जातो. बुरशीसाठी कॉपर ऑक्सिक्लोराइड वापरणेही त्याच कारणाने वर्ज्य समजावे. आपल्या वनस्पतींना निसर्गाने एक सोय दिली आहे जी कपाशीला नाही, ती म्हणजे त्या पाण्याखाली जिवंत राहतात. मावा दिसला की कुंड्या उचलून साध्या पाण्याच्या टबात पूर्ण बुडवाव्यात आणि एक दिवस तशाच ठेवाव्यात. बहुतेक मावा सुटून वर तरंगतो, तो गाळणीने काढून टाकावा. आठवड्याने पुन्हा एकदा बुडवावे, कारण मागे राहिलेल्या मोजक्या किडीही भराभर पिले घालतात. कोरड्या दिवसांत लाल कोळीही येतो. आर्द्रता राखली आणि पानांच्या खालच्या बाजूला अधूनमधून पाण्याचा फवारा दिला तर तो फारसा टिकत नाही. शेजारच्या शेतात फवारणी असेल त्या दिवशी शेतमालकाला आधी विचारून ठेवावे आणि पडवीच्या त्या बाजूला ओले गोणपाट किंवा पॉलिथिन सोडून घ्यावे. शेजारधर्म चांगला असेल तर हे सहज जमते, आणि वाऱ्याने येणारा तुषार अडवण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग मला ठाऊक नाही.

पाने विरघळण्याविषयी जे ऐकले ते खरे आहे, आणि गिऱ्हाइकाला ते आधीच सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे असे मी मानतो. हवेतले पान जाडसर असते, त्यावर मेणाचा थर आणि श्वासरंध्रे असतात. पाण्याखाली त्याचा उपयोग राहत नाही, म्हणून वनस्पती जुने पान सोडून पातळ, पाण्याजोगे नवे पान काढते. क्रिप्टोकोरीनमध्ये तर कधी कधी सगळीच पाने एकदम गळतात आणि घाबरलेला माणूस रोप फेकून देतो, वास्तविक खालचा कंद आणि मुळे धडधाकट असतात व दोन-चार आठवड्यांत नवी पाने येतात. हे पूर्ण टाळता येत नाही. त्यावर एकच चांगला मार्ग आहे : विक्रीच्या तीन-चार आठवडे आधी रोपे घरच्या काचपेटीत बुडवून, पाण्याखालची दोन-तीन नवी पाने आल्यावरच द्यावीत. अशा रोपाला भाव जास्त मागावा आणि तो मिळतोही, कारण गिऱ्हाइकाच्या घरी त्याचे नुकसान होत नाही. ज्यांना स्वस्तात हवे असेल त्यांना हवेतले रोप द्यावे, पण ही पाने जातील आणि नवी येतील, हे सांगून. ॲनुबियासला हा बदल फारसा जाणवत नाही, ब्राह्मीला थोडा जाणवतो, ॲमेझॉन स्वोर्डची मोठी हवाई पाने बुडवण्यापूर्वीच कापून टाकलेली बरी.

गिऱ्हाइकांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. छाटलेल्या फांद्या तापीत, गिरणेत किंवा गावतळ्यात टाकू नयेत. त्या वाळवून खतात घालाव्यात. बाहेरून आलेल्या शोभेच्या वनस्पतीच पुढे नद्या व्यापतात, आणि जलपर्णीही तशीच शोभेसाठी आणलेली होती.

व्हॅलिस्नेरिया हवेत वाढत नाही. तिची रिबिनीसारखी पाने पाण्याबाहेर उभीही राहू शकत नाहीत. हायड्रिला आणि सेराटोफायलम याच गटातले. तिला या फिरत्या खतपाण्यात घालू नये, तिच्यासाठी सावलीत वेगळा सिमेंटचा हौद किंवा मोठा टब ठेवावा, तळाला तीन इंच काळी माती आणि वर इंचभर वाळू घालावी. आणि इथे आपले बोअरचे पाणी, जे बाकी सगळ्यांना नको आहे, ते हिला मानवते, कारण पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेण्याची क्षमता व्हॅलिस्नेरियाकडे असते. सौम्य पावसाच्या पाण्यात ती उलट रोडावते. म्हणजे साठवलेले पावसाचे पाणी ट्रेंना आणि बोअरचे पाणी या हौदाला, अशी वाटणी आपोआप होते. हौदात डासांसाठी काही गप्पी मासे सोडावेत. तिथे खताचे द्रावण नसल्याने ते सुखाने राहतात आणि त्यांची विष्ठा व्हॅलिस्नेरियाला पुरते. पाण्याची खोली दोन फूट ठेवली तर मे महिन्यातही तळाचे पाणी सोसवेल इतके राहते. मातीवरून धावणाऱ्या फांद्यांच्या टोकांना नवी रोपे येतात. त्यांना चार-पाच पाने आणि स्वतःची मुळे आल्यावर ती कात्रीने तोडून घ्यावीत, ओढून काढू नयेत.